दहावं पाकीट

लाँड्रीच्या मागच्या खोलीत नवरा सकाळपासून कॉम्प्युटरला चिकटला होता आणि पुढे त्याची बायको, या घरची सून, इस्त्री फिरवताना दर दोन शर्टांमागे घड्याळ बघत होती. चारपर्यंत विसार पोचला तर ड्रायक्लीनचं एक जुनं पण धडधाकट मशीन तिचं होणार होतं. नाही पोचला तर पलीकडच्या गल्लीतला लाँड्रीवाला टपूनच बसला होता. हातानं डाग काढून काढून तिच्या बोटांची सालं निघाली होती.

पैसे होते, पण ते डब्यात नव्हते. तिची सगळी साठवण नवऱ्यानं क्रिप्टोत घातली होती आणि क्रिप्टो कॉम्प्युटरमधल्या पाकिटांत. एक पाकीट पुरलं असतं. पण सगळं एका खिशात ठेवू नये, असं त्यानं कुठंतरी ऐकलं. हा गडी ऐकतो अर्धं आणि करतो दुप्पट. त्यानं नऊ पाकिटं काढली. त्यांना नावं दिली जुनं, नवं, खरं नवं, राखीव, मुख्य, आणि पुढची देताना तो स्वतःच कंटाळला. प्रत्येक पाकिटाला पत्ता, आणि पत्ता म्हणजे गल्ली-घरनंबर नव्हे. मुंगळा शाईत बुडवून कागदावर सोडावा तशी अक्षरांची लांबच लांब रांग. अशा पत्त्यांची एक यादी त्यानं कॉम्प्युटरवरच करून ठेवली होती.

सासूला या प्रकाराची चीड होती. लोकांचे तीनशे कपडे ती कॉलरला खूण घालून सांभाळायची, एक मोजा कधी इकडचा तिकडे झाला नाही. त्या पेटीसमोर बसायला आपल्याला वेळ नाही, हे ती गिऱ्हाइकांनाही ऐकवायची. लेकानं मोठ्या हौसेनं कॉम्प्युटरवर तिच्या नावाची वेगळी जागा करून दिली, तेव्हा तिनं त्याला आधी मोरी घासून दे म्हणून सांगितलं होतं. सुनेच्या मशीनवरही तिचा एकच शेरा होता : हात आहेत तोवर मशीन कशाला?

तर त्या दिवशी नवऱ्यानं विकण्याआधी सगळी पाकिटं एकात ओतायची ठरवली. यादीतला 'मुख्य'चा पत्ता उचलला आणि बाकीच्या आठ पाकिटांतलं सगळं तिकडे पाठवून दिलं. मग 'मुख्य' उघडलं. ते आधी रिकामंच होतं, आताही ठणठणीत कोरडं. पत्ता ताडून बघितला तर तो 'मुख्य'चा नव्हताच, नऊ पाकिटांपैकी कुणाचाच नव्हता.

पत्ता चिकटवता चिकटवता तो बदलणारा व्हायरस असतो, असं त्याच्या दाढीवाल्या मित्रानं मागं सांगितलं होतं. नवऱ्याला घाम फुटला. चोर आत आहे म्हणून त्यानं कॉम्प्युटरची वायर उपटली. चोर इंटरनेटमधून पळेल म्हणून त्याचीही उपटली. घाईत तिसरी वायर उपटली ती इस्त्रीची. त्याच वेळी सून इंटरनेटवरून मशीनवाल्याशी बोलत होती. तो तिचं "विसार आत्ताच पाठव..." इतकंच ऐकून अधांतरी राहिला आणि पाचच मिनिटांत त्यानं निरोप धाडला, तुमचं पक्कं नसेल तर दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे.

सुनेनं त्याला चारपर्यंत थांबायला हातापाया पडून राजी केलं. मग ती नवऱ्याकडे वळली. ओरडली नाही. "अहो, माझ्या बोटांचं होतं ते," एवढंच म्हणाली, आणि त्याला वाटलं की ओरडली असती तर बरं झालं असतं.

दाढीवाला आला. या धंद्यात कुठून कुठं काय गेलं ते जगाला दिसतं, फक्त कुणी नेलं ते दिसत नाही, असं तो फोनमध्ये बघत म्हणाला. शर्टांच्या घड्या घालणाऱ्या सासूचे हात थांबले. डाग बघून माणूस ओळखण्यात तिचा जन्म गेला होता.

"वाच बघू. काय काय करतो हा चोर?"

"काकू, हा विचित्रच आहे. आजचं सोडलं तर फक्त रविवारी येतो. दुपारी दोन ते साडेतीन."

"जेवण झाल्यावर. पुढं?"

"एकदा पाठवलं, दहा मिनिटांत परत घेतलं, मग पुन्हा पाठवलं. तिन्ही वेळेला फी भरली. मग पाच महिने काहीच नाही."

"खर्च केलं काही?"

"एक पैसा नाही."

सासूनं शर्टाची घडी पुरी केली. "पोलिसांत जाऊ नका. या चोराला मी नऊ महिने पोटात वागवलंय."

नवऱ्यानं डोकं खाजवलं. मग त्याला अंधुक आठवलं, की असंच एक 'मुख्य' आपण कधीतरी केलं होतं खरं. पण कुठं? वायरी जोडून त्यानं पुन्हा सगळं धुंडाळलं. नऊच निघाली. साडेतीन वाजले.

सून पदर खोचून इस्त्रीकडे गेली आणि हातातल्या शर्टावरच्या डागाकडे बघत राहिली. सासूनं तिच्या बोटांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि दाढीवाल्याकडे असं बघितलं, की तो निमूटपणे बाहेर जाऊन उभा राहिला.

"माझ्या नावाच्या जागेत बघ," ती लेकाला म्हणाली. "खाली कोपऱ्यात पाकिटाचं चित्र आहे. कुणाचं ते माहीत नव्हतं, म्हणून मी हात लावला नाही."

"तुला काय माहीत? तू तर कधी..."

"सरक."

तिनं खुर्ची ओढली आणि एका बोटानं, पण एकदाही न चुकता, पासवर्ड टाकला. पडद्यावर एक व्हिडिओ अर्ध्यावर थांबलेला होता : ड्रायक्लीनचं मशीन, दार उघडं, आणि आत कोट भरणारा एक टकला. त्याच्यामागे आणखी सतरा, सगळे मशीनचेच. कोपऱ्यात लेकानं ही जागा करून देताना इथंच काढलेलं आणि विसरलेलं पाकीट होतं, आणि पाकिटात सगळं जिथल्या तिथं.

पुढच्या वीस मिनिटांत नवऱ्यानं लागेल तेवढं विकलं आणि विसार पाठवला. चाराला तीन कमी असताना मशीनवाल्याचा निरोप आला, उद्या सकाळी गाडी पाठवतो.

सुनेनं हसू ओठांत दाबलं. "आई, कुठं ठेवायचं मशीन?"

"खिडकीजवळ, नाहीतर वाफ कोंडते," सासू फाटकन बोलून गेली. मग शर्टांचा गठ्ठा उचलून बाहेर निघाली आणि दारात, मागं न वळता, म्हणाली, "आणि तो टकला कोट भरतो तसा भरू नकोस. अस्तर खराब होतं. मी दाखवीन."