शेळीच्या जिभेपासून

बिनचूक गोल काढायचा, तर तो मोरूनेच! गोल बुडाची वस्तू जमिनीवर ठेवा, कडेने रेघ ओढा, झालं वर्तुळ! म्हणून तालुक्याच्या गोळाफेकीसाठी सात फुटी गोल हवा म्हटल्यावर मी शाळेची नवी, कोरी पाण्याची टाकीच मैदानात लोळवत आणली. तिचं बूड मोजून सात फूट!

"मोरूभाऊ, चुना संपलाय," पंच दिनानाथ सर म्हणाले.

"चुना कशाला? आम्ही मिठागरवाले!" मी अर्धं पोतं मीठ टाकीभोवती ओतलं आणि टाकी उचलली. पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल! मी स्वतःच दोनदा टाळ्या वाजवल्या.

माझी पुतणी प्राप्ती स्पर्धेत होती. पहिली येईल ती जिल्ह्याला जाणार. पोरगी सहा महिने मिठागराच्या बांधावर एकटी गोळा फेकत होती. पण घाबरून तिच्या दोन फेकी फाउल गेल्या! पलीकडच्या शाळेची अमिषा आठ मीटर दहा सेंटीमीटरवर पुढे. माझा जीव तुटत होता.

शेवटच्या फेकीला प्राप्ती गोलात उभी राहिली आणि शेजारच्या सोनाबाईंच्या चौदा शेळ्या मैदानात घुसल्या! गोलाभोवती तोंडं खाली घालून मीठ चाटायला लागल्या.

"अगो सोनाबाय, हाकल त्यांना!" मी ओरडलो.

"कशी हाकलू? रोज मूठभर मीठ देते त्यांना. आज पंगत हाय, असं वाटलं त्यांना!"

अर्धी रेघ पोटात गेली होती. अमिषाचे सर ओरडले, "रेघच नाही! पाय बाहेर गेला तर कळणार कसं?"

"शेळीवर पडेल की!" दिनानाथ सर म्हणाले. "शेळी ओरडली तर फाउल! फेक गं पोरी!"

प्राप्ती खुदकन हसली. दिवसभरात पहिल्यांदाच! ती गर्रकन वळली आणि गोळा पुढच्या शेळीच्या डोक्यावरून भन्नाट गेला. एकही शेळी ओरडली नाही!

आता टेप धरायचा कुठून?

"शेळीच्या नाकापासून!" अमिषाचे सर म्हणाले. आठ मीटर आठ. दोन सेंटीमीटरनं हुकलं!

"जिभेपासून!" मी ओरडलो. "मीठ जिथं, जीभ तिथं. नाक तर हवेत हाय!"

दिनानाथ सर गुडघ्यावर बसले, शेळीच्या तोंडात बघितलं, मान डोलावली. जिभेपासून आठ मीटर बारा!

मी नाचलो. अमिषानेही प्राप्तीला मिठी मारली. माझ्या मिठाने पोरगी जिल्ह्याला गेली, हे मी दिसेल त्याला सांगत सुटलो.

प्राप्ती येऊन माझ्या पाया पडली. माझे डोळे भरून आले.

"काका, जिल्ह्याला तुम्ही यायचंच हां!"

"येणार म्हणजे येणारच!"

"पण एक सांगू? रिकाम्या हातानं या!"