खरात भाऊसाहेब आणि मेलेला ठिपका

चहात माशी पडली तर माणूस ओरडतो. आमच्या शाळेचे क्लार्क खरात भाऊसाहेब आधी कप तिरपा करायचे आणि माशी चहात आहे का कपाच्या नक्षीत, ते बघायचे. मगच पोऱ्याला नाही, थेट हॉटेलवाल्याला हाक मारायचे.

ही खोड त्यांना कॉम्प्युटरनं लावली, असं मी तीन वर्षं समजत होतो. जाफराबाद तालुक्यातल्या आमच्या शाळेत तेव्हा नवे चपटे मॉनिटर आले होते, अकरा. मी कॉम्प्युटरचा मास्तर. म्हणजे खरं तर गणिताचा, पण ज्याला माउस धरता येतो त्याच्याच गळ्यात सगळं पडतं. खिचडी, जनगणना, निवडणूक आणि वर हे अकरा मॉनिटर. जीव नुसता विटून गेला होता.

पहिल्याच महिन्यात एका पडद्यावर काळा ठिपका दिसला. मी तो मॉनिटर चादरीत गुंडाळला, शेअर जीपमध्ये मांडीवर घेतला आणि हाडं खिळखिळी करून घेत जालन्याच्या दुकानात नेला. दुकानदारानं बोट ओलं केलं आणि ठिपक्यावरून फिरवलं. ठिपका गेला. माशीची शिट होती. येताना जीपमध्ये ती चादर मी स्वतःच्या तोंडावर ओढून घेतली.

भाऊसाहेबांनी हे ऐकलं आणि त्या दिवसापासून हे खातं स्वतःकडे घेतलं. डाग दिसला की त्यांना बोलवायचं, त्यांच्याआधी कुणी हात लावायचा नाही. पडद्यातला एखादा बारीक दिवा कायमचा विझतो, त्याला दुकानदार 'डेड पिक्सेल' म्हणायचा. भाऊसाहेब सरळ 'मेलेला' म्हणायचे. "घाण हे का मेलेला हे, बराबर सांगतो, पण जल्दी करू नका," म्हणत ते खुर्ची ओढायचे. आधी फुंकर. मग मान डावीकडे, मान उजवीकडे. घाण काचेवर बसलेली असते, बाजूनं बघितलं की ती खालच्या अक्षरावरून सरकल्यासारखी वाटते. मेलेला जागचा हलत नाही. मग बॅटरीचा तिरपा उजेड, कारण घाणीला सावली पडते. मग पडदा पांढरा, लाल, हिरवा, निळा. सगळ्यात शेवटी जुन्या धोतराचं ओलसर फडकं. या सगळ्याला तास लागायचा आणि निकाल यायच्या आत लाइट जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुंकरीपासून सुरुवात.

एकदा मी वैतागून म्हणालो, एवढं काय हो त्यात? तर म्हणाले, "माणूस मेला म्हणायच्या आधी नाडी बघतेत का न्हाई, सर?" मी बॅटरी धरून उभा राहिलो.

माझ्या सासूबाईंना दवाखान्यात नेलं तेव्हा हे सोबत होते. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर लावून सांगितलं, छातीत डाग दिसतोय. भाऊसाहेबांनी उठून फिल्म उतरवली, खिशातल्या फडक्यानं पुसली, मान हलवून दोन्ही बाजूंनी बघितली आणि डॉक्टरांनाच सांगितलं, आतलाच हे, इलाज चालू करा. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, मी माझ्या चपलांकडे. सासूबाई बऱ्या झाल्या आणि त्याचं श्रेय आमच्या घरात अजून त्या फडक्याला जातं.

पण माणसाचा शब्द पक्का. तीन वर्षांत त्यांनी तीन मॉनिटर 'मेलेला' म्हणून पाठवले, तिन्ही मुकाट बदलून आले. शेवटी शेवटी दुकानदार तपासायचाही नाही.

गॅरंटी संपायला आठवडा राहिला, तेव्हा हेडमास्तरांनी माझ्याकडे लेखी रिपोर्ट मागितला. खराब निघतील ते सोमवारी जालन्याला जाणार, बदली नवे येणार, जुने काही परत मिळणार नाहीत. दहा चांगले निघाले. अकरावा भाऊसाहेबांच्या टेबलावरचा. मोठ्या सुट्टीत ते जेवायला गेले होते, म्हणून मीच बसलो. जवळजवळ मधोमध ठिपका होता, मोहरीपेक्षाही बारीक. फुंकर मारली, मान हलवली, बॅटरी लावली, सगळे रंग बघितले, सगळं त्यांच्याच पद्धतीनं. मेलेला होता, शंकाच नको.

भाऊसाहेब आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, घाण हे ती. खुर्ची ओढली नाही, फुंकर नाही, काही नाही. म्हटलं, भाऊसाहेब, अर्धा तास झाला मी बघून राह्यलो. तर पडद्याकडे न बघताच म्हणाले, मी पुसतो नंतर, याला पाठवू नका. मला मात्र राग आला. तीन वर्षं माझं डोकं खाल्लं आणि आता स्वतःच्या टेबलाला वेगळा कायदा? मी रिपोर्टवर अकरा नंबर लिहायला घेतला, तसा त्यांनी माझा हात धरला.

मग त्यांनी पडद्यावरची फाइल बंद केली. मागे त्यांच्या बायकोचा फोटो होता. सुमनवहिनींना जाऊन सहा वर्षं झाली होती, तेवढं मला माहीत होतं. पुढचं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. वहिनींचा एकच फोटो होता, कुणाच्या तरी लग्नात काढलेला. त्या गेल्यावर तो मोठा करायला दिला. वहिनींच्या हनुवटीवर गोंदलेला ठिपका होता. फोटोवाल्याला तो फोटोवरचा डाग वाटला. त्यानं मूळ फोटोवरच ब्रश फिरवून तो साफ करून टाकला. भाऊसाहेब घ्यायला गेले तर हनुवटी कोरी. "एकदा विचारायचं तरी व्हतं हो त्यानं," ते म्हणाले.

आणि आता तो फोटो स्कॅन करून पडद्यावर त्यांनी सरकवून सरकवून असा बसवला होता, की मेलेला ठिपका बरोबर हनुवटीवर आला होता.

माझा राग कुठल्या कुठे गेला. लाज वाटली. म्हटलं, भाऊसाहेब, एवढंच ना, नव्या मॉनिटरवर मी फोटोत तसाच ठिपका काढून देतो, दोन मिनिटांचं काम आहे.

"तुम्ही काढलेला पुसता येतो, सर," ते म्हणाले. "हा कुणाच्यानं पुसत न्हाई."

मी रिपोर्टवर अकरा नंबरपुढे लिहिलं, 'घाण होती, साफ केली.' हेडमास्तरांनी वाचलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, नक्की ना? म्हटलं, भाऊसाहेबांनी स्वतः बघितलंय. तेवढ्यावर त्यांनी सही केली.