नानांचा मेन स्विच

नाना आमच्याकडे आले की आधी मेन स्विच बंद करतात, मग चपला काढतात. पंखा थांबतो, मिक्सर अर्धवट चटणीवर गप्प होतो आणि अंधाऱ्या स्वयंपाकघरात आवाज येतो, "हं, आता काय करशीन?"

हा प्रश्न माझ्या रेवाला असतो. रेवा सोळा वर्षांची. तिला समजायला वेळ लागतो, पण एकदा समजलेलं ती विसरत नाही. शाळेनं हात टेकले तेव्हापासून ती घरीच शिकते. नाना शेजारी राहतात, एकटेच. अमरावतीत आयटीआयच्या मुलांना वायरिंग शिकवून निवृत्त झाले. एकदा आमचा फ्यूज बघायला आले तेव्हा मी रेवाला वरणभात भरवत होते. नानांनी माझं मनगटच धरलं.

"बाई, तुमी मेल्यावर इले कोन भरवीन?"

माझं माहेर पुण्याचं. मरणाचं बोलणं तिथे तेराव्यालासुद्धा जरा आडूनच होतं. मला असा संताप आला की मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. पण तो प्रश्न काही मनातून जाईना. आठवड्याभरानं मीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

नानांचं शिकवणं म्हणजे बिघाड करणं. नळ ढिला करून ठेवतील, शर्टाचं बटण तोडतील, टॉर्चमधले सेल काढून खिशात घालतील. "चालत्या घरात कोनी काही शिकते काय?" मी रेवाला संत्रं सोलून दिलं तर त्या दिवशीचा तास रद्द. आपला कप आपण उचलायचा, कुणाच्या तोंडाशी काही न्यायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी परीक्षा होती. रेवानं आतून कडी लावून, एकटीनं, तीन कप चहा करायचा. आम्ही दोघं बाहेर पायरीवर. दार वाजवायचं नाही, हाक मारायची नाही. घाबरली की रेवा कान दाबून कोपऱ्यात बसते आणि कुणालाही दार उघडत नाही. आणि आज आत गॅस पेटणार होता.

लायटर दोनदा वाजला. भांडं ठेवल्याचा आवाज आला. तेवढ्यात खिडकीतला उजेड गेला. शेजारचा कूलरही बंद पडला. नाना तर माझ्याजवळ बसले होते. खरीच लाईन गेली होती.

मग दूध उतू गेल्याचा वास आला. दुधानं बर्नर विझला असेल तर गॅस सुटणार! मी उठले. नाना दारात आडवे झाले.

"थांबा."

"का म्हणून थांबू? माझी पोर आत आहे!"

"तिले येते, बाई. एक मिनिट द्या."

मी त्यांना ढकलणार, एवढ्यात आत खट् झालं. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केल्याचा आवाज. मग खिडकी करकरत उघडली.

नाना पायरीवर बसले ते कोसळल्यासारखेच. म्हणाले, "माहा लहाना भाऊ इच्यासारखाच होता. आमच्या गावाले, हिवरखेडले. मायनं चाळीस वर्सं त्याले हातानं भरवलं. ते गेली, अन् तो ताटापुढं नुसता बसून राहे. दुसऱ्याच्या हातचा घास घेईना. महिन्यात गेला. अन् मी इथी लोकायच्या पोट्ट्यायले वायरी जोडाले शिकवून राहिलो होतो."

इतके दिवस या माणसाला मी मनातल्या मनात कसाई म्हणत होते.

कडी निघाली. रेवा ट्रे घेऊन उभी, बाही दुधानं भिजलेली. "दूध सांडलं. गॅस बंद केला. खिडकी उघडली. वास गेला. मग परत पेटवला." आणि नानांवर डोळे वटारून, "तुम्हीच स्विच बंद केला ना?"

"नाई वं बाई. या टायमाले म्या नाई केला."

नानांनी आपला कप उचलला, पण हात इतका थरथरत होता की चहा शर्टावर सांडायला लागला. रेवा बघत राहिली. तिला समजायला वेळ लागतोच. मग तिनं ट्रे खाली ठेवला, नानांच्या हातातून कप काढून घेतला आणि त्यांच्या ओठांशी धरला.

"आजच्या दिवस हं, नाना. उद्या आपला कप आपण."

नाना तिच्या हातून कपभर चहा निमूट प्यायले.