गेनू सरड्याचा भोपळा

एका जंगलात सगळ्यांना भोपळे बांधायचं वेड लागलं होतं, बाळांनो. खायचे भोपळे नव्हेत. वाळलेले, आतून कोरलेले, कमरेला लटकवायचे. त्या भोपळ्यात एक लढाऊ प्राणी पकडून ठेवायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणवठ्यावर दुसऱ्याच्या प्राण्याशी झुंजवायचा. ज्याचा प्राणी जिंकेल तो उन्हाळाभर सगळ्यांच्या आधी पाणी पिणार. बाकीच्यांनी गाळ चाटायचा. स्वतः कुणी लढायचं नाही, कारण ते रानटीपणाचं दिसतं.

एका कमरेला तीनच भोपळे, असा कायदा होता. जंगल असलं म्हणून काय झालं, कायदा हवाच.

तिथे नाना नावाचा एक खोकड राहायचा. खोकड म्हणजे कोल्ह्याचा धाकटा भाऊबंद. अक्कल तेवढीच, अंग जरा कमी. नानाच्या पहिल्या भोपळ्यात गेनू नावाचा सरडा होता. तो अंड्यातून बाहेर आला तोच नानाच्या अंगणात. जातीचा सरडा, पण त्याने कधी रंग बदलला नाही. नानाला तपकिरी आवडतो म्हणून तो बारा महिने तपकिरी राहिला. नाना म्हणेल त्याच्याशी जाऊन भिडायचा. संध्याकाळी भोपळ्यात शिरून गारव्यात अंग टाकलं, की जन्माचं सार्थक झालं असं त्याला वाटायचं. हा भोपळा मरेपर्यंत तुझाच, असं नाना एकदा बोलून गेला होता. नाना ते विसरला. गेनू विसरला नाही.

त्या साली टेकडीवर एक आगघोरपड आली. नाव ज्वालाबाई. तोंडातून जाळ काढायची. तिने नानाच्या मिशा जाळल्या, त्याच्या मावशीचं बीळ पेटवलं आणि चारचौघांत त्याला कोंबडीचोर म्हटलं. नाना सकाळी उठला की तिला शिव्या द्यायचा. दुपारपर्यंत त्या शिव्यांत कौतुक मिसळायचं. संध्याकाळी म्हणायचा, काही म्हणा, बाई आपल्याकडे हवी.

आता असा बलाढ्य प्राणी पकडायची रीत ऐका. आधी आपल्या प्राण्याने झुंजून त्याला दमवायचं. तो पुरता थकला की धन्याने लांबून भोपळा फेकायचा. प्राणी आत ओढला जातो. भोपळा तीनदा डुलतो, आणि थांबला की प्राणी आपला. कालचा वैरी त्या क्षणी सोयरा होतो, मागचं कुणी उकरून काढायचं नाही. एवढी थोरली घोरपड एवढ्याशा भोपळ्यात मावते कशी, असं मात्र विचारू नका. मोठ्यांना कुठेही जागा होते.

तर दोघं टेकडीवर गेले. नाना करवंदीच्या जाळीमागे बसला आणि गेनू पुढे झाला. पहिल्याच जाळात त्याच्या शेपटीचा शेंडा गेला. तरी तो ज्वालाबाईच्या मानेवर चढला आणि गोचिडासारखा चिकटला. ती लोळली, तिने त्याला खडकावर घासलं, पण हा सुटेना. सूर्य डोक्यावर आला तेव्हा तिच्या तोंडातून नुसता धूर निघू लागला. मग नानाने नेम धरून भोपळा फेकला. भोपळा डुलला, डुलला, डुलला आणि थांबला.

गेनू आनंदाने नाचला. पोळलेल्या शेपटीसकट नाचला. मग त्याने भोपळा नीट पाहिला. तो त्याचाच होता.

त्याचं असं झालं. दुसऱ्या भोपळ्यात नानाच्या मेहुण्याचा विंचू होता. तिसऱ्यात देवाला वाहिलेला भुंगा होता. दोघंही जन्मात कधी लढले नव्हते, पण दोघांनाही हात लावायची सोय नव्हती. रिकामा होता तो गेनूचा भोपळा, कारण गेनू बाहेर लढत होता.

"नाना, मी आता कुठे राहू?" गेनूने विचारलं.

"अरे, तू तर घरचा," नाना म्हणाला. "घरच्याने समजून घ्यायचं असतं."

गेनूने समजून घेतलं. त्यात त्याचा हातखंडा होता. तो नानाच्या मागून उन्हात चालू लागला आणि बिळाबाहेरच्या दगडावर राहू लागला. भोपळ्यात मऊ गादी आली, पिकलेली उंबरं आली. नाना भोपळ्याशी वाकून बोलायचा आणि बाईसाहेब म्हणायचा. उष्टी उंबरं बाहेर नेऊन टाकायचं काम गेनूकडे आलं.

झुंजीचा दिवस उजाडला. समोर तरसाचा खेकडा होता. नानाने भोपळा उघडला तसं अख्खं जंगल माना उंचावून बघू लागलं. बाईसाहेब बाहेर आल्या. त्यांनी खेकड्याकडे पाहिलं, नानाकडे पाहिलं आणि रिंगणाच्या मधोमध झोपल्या. नानाने हातापाया पडून पाहिलं. बाईंनी कूस बदलली.

आता उन्हाळाभर गाळ चाटावा लागणार हे नानाला कळलं. त्याने गेनूला डोळ्याने खूण केली. गेनू धावला. शेपूट धड नसल्याने त्याचा तोल जात होता. तरी त्याने खेकड्याची नांगी दातांत धरली आणि त्याला फरफटत रिंगणाबाहेर नेलं. नाना जिंकला.

मग जंगलात एकच चर्चा. बाई नुसत्या झोपल्या तर खेकड्याची ही गत, जाग्या असत्या तर काय झालं असतं. नानाने पाण्याची पहिली ओंजळ बाईंना पाजली.

आता तरी आपला भोपळा परत मिळेल असं गेनूला वाटलं, आणि त्याने तसं विचारलं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं म्हणून नाना खो खो हसला. मग त्याने गेनूला बाईंना वारा घालायला सांगितलं.

त्या दिवशी मात्र गेनूच्या डोळ्यांत पाणी आलं. तो कुणाला न सांगता निघाला आणि टेकडीवर, ज्वालाबाईंच्या जुन्या कपारीत जाऊन राहिला. उष्ट्या उंबरांचा ढीग साचून माश्या घोंगावू लागल्या, तेव्हा कुठे नानाला तो गेल्याचं कळलं.

टेकडीवर गेनूचं डोकंच फिरलं. करवंदं खायला आलेल्या अस्वलाला चावला, वाट चुकलेल्या तरसाला चावला. रागाने त्याचा रंगही बदलला, तो लालभडक झाला. खाली बातमी पोचली, की टेकडीवर एक लाल राक्षसी सरडा आलाय, अस्वल एका चाव्यात आडवं. हे ऐकून नानाने सकाळी शिव्या दिल्या. संध्याकाळी म्हणाला, काही म्हणा, हा आपल्याकडे हवा.

नाना टेकडीवर गेला. बाईंना त्याने पुढे व्हायला विनवलं, पण बाईंना झोप आली होती. म्हणून नाना आयुष्यात पहिल्यांदा स्वतः पुढे झाला, आणि गेनू त्याच्या नाकाला कडकडून चावला.

नाना कळवळून मागे सरला. मग इतक्या जवळून पाहिल्यावर त्याला ओळख पटली. आता दगड बसणार, म्हणून गेनूने डोळे मिटले.

"गेनूराव," नाना म्हणाला, "तुमच्या दातांना लागलं तर नाही ना?"

गेनूने डोळे उघडले. शेपूट जळालं तेव्हा हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. नानाने भोपळा पालथा करून बाईसाहेबांना बाहेर ओतलं, गादी झटकली, ताजी उंबरं भरली आणि अदबीने बाजूला उभा राहिला. बाईंनी मुळीच वाईट वाटून घेतलं नाही. त्या समोरच्या डोंगरावर गेल्या आणि जाळ काढत बसल्या. त्यांना रीत ठाऊक होती.

गेनू आत शिरला. गारव्यात अंग टाकलं आणि मुसमुसून रडला.

आता तो सुखात आहे. नानावर त्याचा जीव पूर्वीइतकाच आहे. फक्त दर सोमवारी तो नानाला चावतो.

तात्पर्य : धन्याची सेवा मनोभावे करावी, पण आधी त्याला एकदा चावून घ्यावे. जो चावत नाही त्याला घरचा म्हणतात, आणि घरच्याने बाहेर झोपायचे असते.