चालणारं कुरण

जुन्या नकाशावर बेचाळीस तळी होती. नव्या नकाशावर एक्केचाळीस. उरलेल्या एका जागी संगणकाने सव्वाचार हेक्टर कुरण दाखवलं होतं.

उपग्रहाच्या चित्रांवरून शहरातली तळी मोजायचं काम तिच्याकडे होतं. कार्यालयात सगळे तिला नकाशाताई म्हणत. हाक कायमची असली तरी नेमणूक तात्पुरती होती, महिनाअखेरीस संपणारी. नकाशा पसंत पडला तर मुदतवाढ. नाही तर घरी बसून माश्या मारायच्या.

"तळं आटलं आणि गवत उगवलं, असं चित्र बघून ठरवू नकोस," शेजारच्या टेबलावरचा ड्रोनवाला म्हणाला. "एकदा जाऊन बघून ये."

"कशी जाऊ? जीप आहे तेव्हा चालक नसतो, चालक असतो तेव्हा डिझेल नसतं."

पण तिची आत्या नेमकी त्या जागेसमोर राहायला गेली होती. नवं घर बघायला जायचं दोनदा ठरून राहिलं होतं. तिने फोन लावला.

"आत्या, तुझ्या खिडकीतून समोर काय दिसतं?"

"हिरवंगार! डोळे निवतात बघ. पक्षी तुरुतुरु चालतात वरून. संध्याकाळी डास मात्र फोडून काढतात. तू कधी येतेयस?"

"येते गं, हे काम उरकलं की."

पक्षी चालतात म्हणजे जमीन. 'प्रत्यक्ष पाहणी' या रकान्यात तिने 'दाट कुरण' असं लिहिलं. डासांसाठी रकाना नव्हता. 'पाण्याची खोली' असा एक होता, तिथे तिने आडवी रेघ मारली.

साहेबांनी नकाशा मोठ्या साहेबांना दाखवला. मोठे साहेब खुर्चीतून उठलेच. "भर वस्तीत एवढी मोकळी जागा, आणि आपली मुलं रस्त्यावर खेळतात? मैदान करा!" आठवडाभरात मंडप उभा राहिला, फलक लागला, शाळेला निरोप गेला.

उद्घाटनाच्या सकाळी उपग्रहाचं नवं चित्र आलं. तिने सवयीने ते मागच्या चित्रावर ठेवलं. रस्ते रस्त्यांवर बसले, छपरं छपरांवर बसली. कुरण मात्र साठ मीटर पश्चिमेला गेलेलं.

गवत वाढतं, वाळतं, जनावरांच्या पोटात जातं. पण उठून चालायला लागत नाही. वाऱ्याबरोबर सरकते ती जलपर्णी. ती कशावर तरंगते हे शाळकरी पोरही सांगेल. आज तिथे शाळकरी पोरंच येणार होती.

तिने मंडपातल्या साहेबांना फोन केला. "साहेब, कुरण साठ मीटर सरकलंय."

"तुमचा नकाशा सरकला असेल."

"नाही हो. खाली पाणी आहे!"

"हे बघा, नकाशावर सही तुमची आहे. आता पाणीबिणी काढलंत, तर मुदतवाढ विसरा."

तिने ड्रोनवाल्याच्या स्कूटरवर मागे उडी मारली.

मुलं काठावर रांगेत उभी होती. पुढच्याच्या हातात नवाकोरा चेंडू होता. नकाशाताई हात पसरून त्यांच्यासमोर उभी राहिली. "कुणीही पाऊल टाकायचं नाही!" हे वाक्य तोंडातून गेलं, त्याच्यामागून नोकरीही गेली, हे तिला स्पष्ट कळलं.

"या कोण?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"आमच्याच," साहेब पुटपुटले. "तात्पुरत्या."

"अहो बाई, नकाशा तर तुमच्याच कार्यालयाचा आहे."

"मीच काढलाय, साहेब. तो चुकलाय."

मोठे साहेब समजुतीने हसले. "उपग्रह वरून बघतो, त्याला सगळं दिसतं. असं करू. आधी मी उभा राहतो, मग मुलांना सोडा."

पहिलं पाऊल टिकलं. टाळ्या पडल्या. दुसरं टिकलं नाही.

"अगं बाई!" समोरच्या खिडकीतून आत्या ओरडली. "पाण्यात कशाला उतरवलंस त्यांना?"

"आत्या, हिरवंगार आहे म्हणालीस ना!"

"हिरवंगारच आहे की! पाणी आहे का, असं तू कुठे विचारलंस? एकदा येऊन गेली असतीस, तर दिसलं नसतं?"

ड्रोनवाल्याने आणि मास्तरांनी मिळून मोठ्या साहेबांना ओढून काढलं. खांद्यावर जलपर्णी घेऊन ते काठावर थिजून उभे राहिले. मुलांपैकी कुणीही हसलं नाही. मास्तरांचं लक्ष होतं.

"महिनाअखेरीची वाट बघू नका," साहेब दात आवळून तिला म्हणाले. "आजचा दिवस शेवटचा."

"बरं. तेवढ्यात हातातलं काम पुरं करते."

पिशवीतून टेप आणि पाहणीचा तक्ता काढून ती मोठ्या साहेबांच्या पायाशी बसली. टेपचं एक टोक तिने त्यांच्या बुटाच्या टाचेला लावलं, दुसरं शर्टावरच्या ओल्या रेघेपर्यंत नेलं. मग रकान्यातली आडवी रेघ खोडून लिहिलं:

तळी: बेचाळीस. पाण्याची खोली, काठापासून दुसऱ्या पावलावर: एक मीटर बावीस सेंटिमीटर.