शेवंताबाईंचा थायरॉइड, दादाजींची कावीळ

मुलांनो, आमच्या ब्रह्मपुरीच्या गल्लीत सध्या गिरणीवाल्या दादाजींकडे कावीळ आहे, शेवंताबाईंकडे थायरॉइड आणि कोपऱ्यावरच्या पानठेल्यात सगळे विषारी साप. माणसं ठणठणीत आहेत. रोग तेवढे शेजारच्या प्रणालीने तिथे ठेवलेत.

प्रणाली परदेशातून डॉक्टर होऊन आली. पण इथे रोगी तपासायचे तर परवान्याची परीक्षा द्यावी लागते, आणि तीत ती दोनदा नापास झाली. यंदा नाही झालं तर वडिलांच्या बांगड्यांच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलंय.

"पुस्तकात ठेवलं का पुस्तकातच राह्यते, बाई," ती म्हणते. "घरात ठेवलं का सापडते."

म्हणून तिने मनातल्या मनात एकेका घरात एकेक रोग ठेवलाय, आणि रोज सकाळी ती रिकाम्या हातांनी गल्लीतून चालते. प्रत्येक दारासमोर थांबून तिथल्या रोगाची लक्षणं, तपासण्या, औषधं आठवते. मग घरी जाऊन पुस्तकाशी ताडून पाहते. चुकलं, तर त्या दारी उद्या परत. बरोबर आलं, तर थेट पुढच्या आठवड्यात. मी जन्मभर शाळेत वेळापत्रकं आखली, पण इतकं पक्कं एकही नव्हतं.

एकदा मात्र गिरणीसमोर तिचा आवाज चढला. "डोळे पिवळे, लघवी पिवळी, भूक नाई!" आत दळण घेऊन बसलेल्या बायकांनी ते ऐकलं. दुपारपर्यंत गिरणी ओस.

दादाजी तणतणत आले. "काऊन वो डॉक्टरीणबाई, माह्याच घरी कावीळ काऊन ठेवली? शेवंताबाईकडे ठेव ना!"

कुंपणापलीकडून शेवंताबाई ओरडल्या, "माह्याकडे जागा नाई! थायरॉइड हाये!"

मला जरा हेवाच वाटला. एवढं नीटनेटकं माझं घर. मी विचारलं, "माझ्याकडे काय ठेवलंस गं?"

"काईच नाई."

"अगं, निदान हृदयविकार तरी!"

ती हसली नाही. "मागच्या खेपेले सगळी घरं भरून टाकली होती, बाई. पेपरात एकाएकी गल्लीच अंधारी झाली. कोनाचं घर कोनतं, काईच कळे ना. नुसती चालत राह्यली. बसाले जागाच नव्हती." मग खाली बघत म्हणाली, "मनून यंदा तुमचं घर रिकामं ठेवलं. घाबरली तं इथी येऊन बसीन. मंग पुढं जाईन."

परीक्षेला ती नागपूरला गेली. पेपर सुरू व्हायच्या वेळेला मी पुढचं दार उघडलं, खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली आणि दोन कप चहा टाकला.

संध्याकाळी बसमधून उतरून ती घरी न जाता माझ्याच दारात उभी राहिली. चेहरा दमलेला, पण डोळे स्वच्छ.

"दोनदा येऊन गेली मी, बाई."

"माहीत आहे," मी म्हटलं. "दार उघडंच होतं."