आप्पांचा मतदारसंघ

नवा माणूस भेटला की आपण नाव विचारतो, फार तर गाव विचारतो. आमचे शेजारी हिलालआप्पा मतदारसंघ विचारतात. समोरचा अडखळला की आप्पा खूश.

आमचं नवागाम सुरतेत, पण लोकसभेला आम्ही मोडतो नवसारीत. ही गोष्ट आप्पांना जेवढी गोड लागते तेवढी दुसरी कुठली लागत नसावी. "ऱ्हावाले सुरत, खासदार नवसारीना!" असं ते दिवसातून दोनदा तरी म्हणतात. कतारगामहून माझा मावसभाऊ आला तेव्हा त्याला त्यांनी खुर्ची दिली आणि मला चटई. कारण काय, तर "तो दुसरा मतदारसंघना पाहुना शे."

मी पालिकेच्या मराठी शाळेत मास्तर. मतदारयादी तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि न बोलावता आप्पा बरोबर निघाले. आयुष्यभर लूमच्या खडखडाटात काम केल्यामुळे ते बोलतात ओरडून, त्यामुळे आम्ही पोचायच्या आधी आमची बातमी पोचायची. गल्ल्यांचा हिशोब त्यांना तोंडपाठ. पहिली गल्ली शिरपूरची, दुसरी नंदुरबारची, कोपऱ्यावर ओरिसावाले, मागे भुसावळकडची बौद्ध मंडळी. एका खोलीत किती माणसं राहतात म्हणून विचारलं, तर मलाच उलट सवाल: "दिवसपाळीना का रातपाळीना?" खोली एक, अंथरुणं तीच, झोपणारे पाळीप्रमाणे बदलणारे. माझ्या फॉर्ममध्ये याला रकाना नव्हता. "फॉर्म बनावनारा कधी लूमवर गया नही," आप्पांनी निकाल दिला.

कुणाची सून यादीत नाही, कोण भेस्तानला राहायला गेलं, कुणाचं वय चुकलं, सगळं आप्पांनी दुरुस्त करवून घेतलं. काम संपत आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की खुद्द आप्पांचंच नाव यादीत नाही. कचेरीची चूक असणार, असं धरून मी कोरा फॉर्म घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो.

आप्पा एकटेच असतात. त्यांनी चहा ठेवला, चष्मा पुसला, पेन हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं.

"मन्हं नाव गावले शे, मास्तर. अमळनेर तालुकामां."

मी थक्क झालो. नवसारीचा एवढा पुळका असलेल्या माणसानं इथं एकदाही मत दिलं नव्हतं! मी मास्तरकी सुरू केली. आप्पा, तुमची हयात इथं गेली. नाव एकाच ठिकाणी असतं, जिथं राहतो तिथं. इथलं घातलं की तिथलं निघेल, एवढंच.

"तेच ते," आप्पा म्हणाले. "ग्रामपंचायतनी निवडनूक लागनी की गावनी गाडी येस. दोन्ही पॅनलन्या येतस. मी जावाले एकनी धरस, येवाले दुसरानी. भाऊना घर उतरस. वहिनी खापरवरना मांडा करस. नाव अठे आनं, ते माले गावले कोन बलाई?"

"भाऊ बोलावतीलच की," मी म्हणालो.

आप्पांनी चहा गाळला. कप माझ्यापुढे सरकवला.

"पुतनीना लगनले नही बलावं. पुढे मतदानले गऊ, तवय जवाई दखा, गावनाच पोऱ्या. रांगमां मन्हा पुढेच उभा व्हता. कोन शे, म्हनीसन मीच इचारं."

मला फार वाईट वाटलं. फॉर्म मी घडी करून पिशवीत टाकला. नियमानं हे बरोबर नाही, हे मला कळत होतं.

चहा झाल्यावर आप्पांनी त्यांच्या गावच्या निवडणुकीची तारीख मोबाइलमध्ये बघायला सांगितली. मी बघितली. तारीख लागलेली नव्हती.

"यंदा व्हई ना?" त्यांनी विचारलं.

"होईल," मी म्हणालो. मला काहीच माहीत नव्हतं.